शेवेचा डबा आणि चार वाजताची भूक

इंदूरात राहून शेव कायमची सोडा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एकदम सोडलीत तर आठवड्यात दुप्पट खाल. आधी भूक ओळखा. चार वाजता पोळी-भाजी समोर आली तर खावीशी वाटेल का? वाटली, तर ती पोटाची भूक. लवंगेची शेवच हवी असेल, तर ती सवय, कंटाळा नाहीतर ताण. दहा मिनिटं गच्चीत फिरून या, ओढ बऱ्याचदा उतरते.

थेट डब्यातून खाणं ही खरी चूक. डोळे मोबाइलवर असले की किती खाल्लं याचा हिशेबच राहत नाही. मिक्श्चरात तर दर घासाला चव बदलते: कधी शेंगदाणा, कधी बडीशेप. एका चवीचा कंटाळा लवकर येतो, अनेक चवींचा येत नाही, म्हणून हात थांबत नाही.

वाटी घ्या. 30 ग्रॅम सालासकट फुटाणे, बारीक कांदा, काकडी, लिंबू, चिमूटभर जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला. त्यात मीठ असतंच, वेगळं नको. शेव एक चमचा, तीही खाताना वरून. आधी घातली तर काकडीच्या पाण्याने मऊ पडते आणि मन पुन्हा डब्याकडे धावतं. फुटाण्यांतली प्रथिनं आणि तंतू पोटाला धरून ठेवतात. नुसते मुरमुरे खाल्ले तर थोड्याच वेळात पुन्हा भूक.

शेव स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर. फुटाण्यांची काचेची बरणी मात्र ओट्यावर, समोर. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाणार असाल त्या रात्री घरून थोडं जेवूनच निघा.