गोठ्यावरचा फ्लेक्स

«आक्का, मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. चार वर्षांपूर्वी माझा पहिला सिनेमा चालला, तेव्हा चौकात माझा वीस फुटी फ्लेक्स लागला होता. पुढचे दोन पडले. आठ महिने काम नाही, गोरेगावची खोली सोडून घरी आलोय. चौकातून जाणं टाळतो, कारण जो तो विचारतो, 'सध्या काय चालू?' वडील म्हणतात, चप्पल लाईनला आपल्या दुकानात बस. बसलो तर हरलो असं वाटतं. परवा गंगावेशीकडून जाताना एका म्हशीच्या गोठ्यावर माझाच तो फ्लेक्स दिसला. उलटा, गळतीला टाकलेला. रात्रभर झोप नाही. परत मुंबईला जाऊ, की सोडून देऊ?»

बाळा, रागावू नकोस, पण गोठ्याचं वाचून मला हसू आलं. सिनेमाचं पोस्टर एका शुक्रवारी लागतं आणि पुढच्या शुक्रवारी त्यावर दुसरं चिकटतं. तू चार पावसाळे टिकलास, तेही म्हैस कोरडी ठेवून.

माझे वडील जयप्रभा स्टुडिओत सुतार होते. सेट मोडला की पोतंभर वाकडे खिळे घरी यायचे आणि आम्ही भावंडं उंबऱ्याबाहेरच्या दगडावर हातोडीनं ते सरळ करत बसायचो. बोटं चेचायची. सिनेमा चालला की पडला, हे त्या खिळ्यांवरून कधी कळलं नाही. चाललेल्या सिनेमाचे खिळेही तेवढेच वाकडे.

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. पहिला सिनेमा चालला तो कशानं? गाणं आधीच घरोघरी वाजत होतं का? समोर मोठा हिंदी सिनेमा नव्हता का? तेव्हा सगळा फायदा तू आपल्या एकट्याच्या खात्यावर जमा केलास, म्हणून आता दोन्ही पडलेले तुझ्याच नावे उधारीत दिसतात. सकाळी अकराचा एकच शो मिळाला, तर तिथं नट काय करणार? तुझं काम कुठं कच्चं होतं ते मात्र बघ. सिनेमा पडला म्हणून बघू नकोस, एरवीही बघायलाच हवं असतं.

आता दुकानाचं. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ तू लहानपणापासून बघतोस. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा इथंच बनवला. १९२९ मध्ये त्यांच्याच हाताखाली तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी 'प्रभात' ही स्वतःची फिल्म कंपनी काढली. केवढा घाव! पुढे पेंटरांची कंपनीही बंद पडली. पण पेंटरांच्या हातात कुंचला होता, पुतळे घडवायची कला होती. ते काम कुणाच्या शुक्रवारावर अवलंबून नव्हतं. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे, तिथं एक दुपार काढ. पडद्यावरचा एवढा नायक, पण भिंतींवर त्यांनी स्वतः रंगवलेली निसर्गचित्रं आहेत.

तुझ्या घरात चामड्याचं काम आहे. चपलेची वेणी कशी घालतात, कान कसा बसवतात, हे तुला येतं का? येत नसेल तर शीक. रोज सकाळचे चार तास दुकान, दुपारनंतर तू नट. (गिऱ्हाईक भाव पाडताना तोंड कसं करतं, ते फुकटात बघायला मिळेल.)

मुंबईचा निकाल आजच लावू नकोस. ऑडिशन हल्ली फोनवर चित्रित करून पाठवता येते, आणि मोरेवाडीला आपली चित्रनगरी आहे. तिथं लहान भूमिका मिळाली तर घे. नायकच पाहिजे असा हट्ट आहे का, ते तू लिहिलं नाहीस, मला शंका आहे. मालिकेचं मानधन हातात पडायला तीन-तीन महिने लागतात. परत जाशील तेव्हा सहा महिन्यांचं भाडं गाठीला बांधूनच एसटीत बस.

झोप एका रात्रीपुरती गेली असेल तर ठीक. पण पंधरा दिवस तसंच चाललं, किंवा जीव नकोसा वाटला, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. डॉक्टरांकडे जा, नाहीतर १४४१६ ला फोन लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत.

चौकात मात्र उद्याच जा. कुणी विचारलं तर सांग, 'काय न्हाई, दोन पडले, काम शोधतोय.' त्यावर 'च्या घेणार?' एवढंच येईल, पैज लावते. खासबागच्या कुस्ती मैदानात पाठ लागलेला पैलवान दुसऱ्या दिवशी तालमीत येतोच. आला नाही, तरच पेठेत चर्चा होते.

आणि त्या गोठेवाल्याकडं जाऊन ये. फ्लेक्स परत मागू नकोस, पाऊस अजून संपलेला नाही. समोर धार काढलेलं पेलाभर दूध पी, आणि त्यानं तुला ओळखलं का, ते मला कळव.

तुझी आक्का