‘बर्बर’ की ‘अमाझिघ’?

मोरोक्को-अल्जीरियातील ‘बर्बर’ लोकांचा आणि ‘बर्बर अत्याचार’ या मराठी प्रयोगातील विशेषणाचा काही संबंध आहे का, आणि असल्यास त्या लोकांना मराठीत काय म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे.

संबंध आहे. ज्यांचे बोलणे कानाला नुसते ‘बर-बर’ वाटे, अशा परभाषकांना ग्रीकांनी ‘बार्बारोस’ म्हटले; संस्कृतातही ‘बर्बर’ हा शब्द परक्या लोकांसाठी आणि अडखळत बोलणाऱ्यासाठी येतो. अरबांनी उत्तर आफ्रिकेतील या लोकांना ‘बरबर’ म्हटले, आणि 14व्या शतकात ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून या इतिहासकारानेही या नावाचा अर्थ ‘न कळणारी बडबड’ असाच सांगितला आहे. त्यांची भाषा ज्यांना कळली नाही, त्यांनी ठेवलेले हे नाव आहे.

ते स्वतःला ‘अमाझिघ’ म्हणवतात. अनेकवचन ‘इमाझिघेन’, आणि शब्दाच्या दोन्ही टोकांना स्त्रीलिंगी ‘त’ जोडून भाषेचे नाव ‘तामाझिघ्त’. याच नावात बोलीभेद किती सुंदर दिसतो पाहा: सहारातील तुआरेग लोक आपल्या बोलीला मालीत ‘तामाशेक’, अल्जीरियाच्या होगार डोंगरांत ‘तामाहाक’ आणि नायजरमध्ये ‘तामाजेक’ म्हणतात, म्हणजे शब्द तोच, मधले एक व्यंजन तेवढे बदललेले. मोरोक्कोच्या उत्तरेकडील रीफ डोंगरातला आणि दक्षिणेकडील सूस खोऱ्यातला माणूस भेटले, तर आपापल्या बोलीत त्यांचे सहज जमत नाही आणि ते बहुधा मोरोक्कन अरबीकडे वळतात. तरीही इजिप्तमधील सीवा मरूद्यानापासून मोरोक्कोपर्यंत पाणी म्हणजे ‘अमान’च, आणि तेही व्याकरणाने नेहमी अनेकवचनी. अमाझिघ नववर्षाचे ‘येन्नायेर’ हे नाव लॅटिनमधील जानेवारीवरून आले. त्याची सुट्टी अल्जीरियात 12 जानेवारीला, तर मोरोक्कोत 14 जानेवारीला असते.

मोरोक्कोने 2011 साली आणि अल्जीरियाने 2016 साली या भाषेला राज्यघटनेत राजभाषेचा दर्जा दिला. मराठीत ‘बर्बर’ला क्रौर्याचा अर्थ इतका घट्ट चिकटला आहे की, जिवंत समाजासाठी तो वापरणे मला अन्यायाचे वाटते. जुन्या ग्रंथांतील उल्लेख सांगताना तो राहू द्यावा. एरवी ‘अमाझिघ’ लिहावे. उच्चारताना मात्र जपावे, कारण पुढे इकार आला की आपण ‘माझी’प्रमाणे तालव्य झ उच्चारतो, आणि इथे ‘माझा’तल्या झ-च्या जवळचा उच्चार हवा.