ऑइल शेल: दगडातून तेल कसं निघतं?

प्रश्न: आमच्याकडे जुन्या खाणीत काळे, पापुद्र्यांचे दगड मिळतात. ते ऑइल शेल असतील का? (वाचक, डिचोली)

उत्तर: नाही. ऑइल शेलमध्ये तयार तेल नसतं, केरोजेन असतं: तळ्याच्या किंवा समुद्राच्या गाळात गाडल्या गेलेल्या शेवाळाचा घट्ट झालेला अंश. डिचोलीचे खडक दोन अब्ज वर्षांहून जुने आहेत आणि उष्णतेनं, दाबानं केव्हाच बदलून गेले आहेत. त्यांत सेंद्रिय काही असलंच तर त्याचं ग्रॅफाइट झालं. ते बोट काळं करील, तेल देणार नाही.

प्रश्न: खाण न खणता जमिनीखालीच दगड तापवून तेल काढता येतं म्हणे. मग तसंच का करत नाहीत? (वाचक, सांगे)

उत्तर: शेल याच नावाच्या तेल कंपनीनं कोलोरॅडोत ते करून पाहिलं. भोकं पाडून त्यांत विजेचे हीटर सोडायचे आणि खडक तीन-चार वर्षं तापवत ३४० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा. भट्टीत ५०० अंशांना केरोजेन मिनिटांत फुटून त्याचं तेल होतं, पण खडकातून उष्णता फार सावकाश सरकते. या संथपणाचा एक फायदा आहे, तेल हलकं मिळतं.

आता हिशेब. एक टन खडक ३४० अंशांनी तापवायला सुमारे ३४० मेगाज्यूल लागतात. चांगल्या खडकातून टनाला १०० लिटर तेल धरलं, तर त्यात सुमारे ३,८०० मेगाज्यूल. हे छान वाटतं. पण वीज औष्णिक केंद्रातली असेल तर तिच्यासाठी जवळजवळ तिप्पट इंधन जळतं. म्हणजे हाती येणाऱ्या ऊर्जेचा चौथा हिस्सा तिथंच गेला. आजूबाजूच्या खडकात मुरणारी उष्णता वेगळी.

खरा शत्रू पाणी. भूजल आत शिरलं की हीटर दगडाऐवजी पाणी उकळत बसतात, आणि तेलाचा अंश बाहेर झिरपला तर भूजल नासतं. म्हणून कंपनीनं भोवती भोकं पाडून त्यांत अतिथंड द्रव फिरवला आणि मातीतलं पाणीच गोठवून भिंत उभी केली. खाणीचा उपसा सुरू झाला की विहिरी कशा आटतात, हे सांगेकरांना ठाऊक आहे. इथं तर ती भिंत वर्षानुवर्षं गोठलेली ठेवायची, म्हणजे आणखी वीज. २०१३ साली कंपनीनं कोलोरॅडोतला प्रकल्प सोडला.

प्रश्न: नमुन्यात तेल किती, हे कसं मोजतात? (वाचक, फोंडा)

उत्तर: फिशर चाचणीनं. बारीक केलेला १०० ग्रॅम नमुना बंद भांड्यात मिनिटाला १२ अंशांनी ५०० पर्यंत तापवतात, तिथं ४० मिनिटं ठेवतात आणि वाफ थंड करून तेल व पाणी वेगवेगळं मोजतात. झाकणातून हवा शिरली तर तेल आतच जळतं आणि आकडा कमी येतो.

प्रश्न: हा दगड कोळशासारखा थेट जाळता येतो का? (वाचक, म्हापसा)

उत्तर: येतो. एस्टोनियात नार्वाजवळची वीजकेंद्रं त्यावरच उभी राहिली. पण जाळलेल्या दगडाचा जवळपास निम्मा भाग राख म्हणून उरतो, आणि ती चुन्यासारखी अल्कधर्मी असल्यानं तिच्या डोंगरांवरून निथळणारं पाणी अडवून ठेवावं लागतं.