बारावीचे ९३, व्हिक्टोरियाचे ७४

प्रश्न : माझी मुलगी बारावीला ९३ टक्के मिळवून कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात बी.एस्सी.ला गेली. पहिल्या सत्रात पाच विषयांत ८१, ७८, ७४, ७२ आणि ६६ पडले. जीपीए (म्हणजे ग्रेडच्या गुणांची सरासरी) ५. नऊपैकी पाच म्हणजे ५५ टक्केच की! तिथे पूर्वी नुसत्या ए, बी अशा ग्रेड असायच्या, टक्के नंतर आले म्हणे. त्यामुळे तिचं नुकसान होतंय का? विद्यापीठ बदलावं का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी ते ५५ खोडून टाका. पाचही विषयांची सरासरी काढलीत तर ७४.२ येते. तुम्ही जीपीएच्या पाचाला नऊने भागलंत तिथेच गफलत झाली.

त्या विद्यापीठात टक्के आले मे २०१४ पासून. त्याआधी ७३ वाली आणि ७६ वाली, दोघी नुसत्या 'बी' दिसायच्या. आता खरा आकडा दिसतो. जीपीए मात्र अजूनही जुन्या पायऱ्यांवरच निघतो. ९० पासून पुढे ९ गुण, ८५ ला ८, ८० ला ७, ७७ ला ६, ७३ ला ५, ७० ला ४, ६५ ला ३, ६० ला २ आणि ५० ला १. म्हणजे नुसतं पास होणाऱ्यालाही नवापैकी एकच. अशा मापाचे टक्के करायचेच नसतात. सीबीएसईच्या जुन्या सीजीपीएला ९.५ ने गुणायची आपल्याला सवय लागली होती, ती इथे उपयोगाची नाही.

आता तुमच्या मुलीचे आकडे या पायऱ्यांवर ठेवा : ७, ६, ५, ४, ३. बेरीज २५, सरासरी ५. त्या ७२ चे ७३ झाले असते तर जीपीए ५.२ झाला असता. ७८ चे ७९ झाले असते तर काहीच फरक पडला नसता. हे मला स्वतःला फारसं पटत नाही, पण नियम तसा आहे आणि मुलीला तो माहीत असायला हवा.

विद्यापीठ बदलण्याचं म्हणाल, तर शेजारच्या व्हँकुव्हरमधल्या यूबीसीतही (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातही) टक्केच देतात, पण तिथे ७२ म्हणजे 'बी' आणि ७६ म्हणजे 'बी प्लस'. व्हिक्टोरियात तेच ७२ 'बी मायनस' आणि ७६ नुसता 'बी'. तिथल्या तिथेच जर टक्क्यांचा अर्थ असा बदलतो, तर आपल्या बोर्डाचे ९३ त्यांच्याशेजारी ठेवून काय कळणार? तुमच्या वेळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणत आणि घरी पेढे येत, ते आठवून पाहा.

व्हिक्टोरियातच पुढे एम.एस्सी.ला जायचं असेल तर साधारण 'बी' सरासरी, म्हणजे जीपीए ५ लागतो, आणि तोही शेवटच्या दोन वर्षांचा. पहिल्या सत्रात ती तिथवर पोचली आहे. जीपीए २ च्या खाली गेला तर मात्र प्रोबेशन, म्हणजे गुण सुधारण्याची ताकीद, लागतं; ती त्याच्या आसपासही नाही.

उद्या भारतात नोकरीचा फॉर्म भरताना 'टक्के' असा रकाना आला, तर जीपीएला कशानेही गुणू नका. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर, आहे तेच लिहा आणि विद्यापीठाचा ग्रेडिंगचा तक्ता सोबत जोडा.

एक गोष्ट खरी जपायला हवी. गुणपत्रकावर 'एन' येऊ देऊ नका. कोर्समधला सक्तीचा भाग, उदाहरणार्थ लॅब, अपुरा राहिला की हा शेरा मिळतो. मग बाकीचे पेपर कितीही चांगले जावोत, त्या विषयाचा जीपीएत शून्य धरला जातो.

६६ कुठल्या विषयात पडले ते तुम्ही लिहिलेलं नाही. गणितात असतील तर एक सांगायचं, लांबलचक निबंध लिहायच्या विषयात असतील तर वेगळंच. फोनवर तेवढं विचारून घ्या, टक्क्यांचं नाव न काढता.