आधी मूळ कागद वाच

नाशिक, कॉलेज रोड

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आणि तुझे वडील येऊन गेलात. तुझ्या पिशवीत आंतरराष्ट्रीय संबंधांतल्या एम.ए.साठी पाच विद्यापीठांची माहितीपत्रकं होती आणि वडिलांच्या मनात एकच प्रश्न. 'मॅडम, ह्याच्यात पोट भरतं का?' असं त्यांनी निघता निघता विचारलं. मी तेव्हा कप उचलत होते, 'भरतं की' म्हणून मोकळी झाले. नंतर रात्रभर रुखरुख लागली. द्राक्षबागेचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं. म्हणून हे पत्र. त्यांनाही वाचून दाखव.

पोटाचं पुढे येईलच. आधी तू जे म्हणालीस त्याबद्दल. 'निफाड तालुक्यातल्या मुलीला परराष्ट्र धोरणातलं काय कळणार?' हे वाक्य मला लागलं. एकविसाव्या वर्षी दिल्लीची गाडी पकडताना माझ्याही मनात हेच होतं.

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ आठव. कांद्याची निर्यातबंदी आली, लासलगावचे लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा हायवे अडवला. लोक चिडले होते आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पण ज्या कागदामुळे हे सगळं झालं तो कागद किती जणांनी वाचला असेल? आयात-निर्यातीचे नियम काढणाऱ्या विदेश व्यापार महासंचालनालयाची ती अधिसूचना अगदी छोटी आहे. कांद्याच्या निर्यातीपुढे 'मुक्त' असा शब्द होता, तो काढून 'निषिद्ध' असा घातला, ३१ मार्च २०२४ पर्यंत. आता बघ, त्या खात्याच्या भाषेत 'निर्बंधित' वेगळं आणि 'निषिद्ध' वेगळं. निर्बंधित मालाला परवाना काढता येतो, निषिद्ध मालाला दारच बंद. आणि तरीही खाली एक फट ठेवलेली आहे: दुसऱ्या देशाच्या सरकारने विनंती केली आणि भारत सरकारने परवानगी दिली, तर त्या देशाला कांदा जाऊ शकतो. त्याच फटीतून पुढे बांगलादेशासाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन कांद्याला परवानगी मिळाली, तीही नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या एकाच संस्थेमार्फत.

बाकीचे निर्यातदार का नाहीत? विनंती कोणी केली, कोणाकडे केली, आकडा कोणी ठरवला, आणि मधल्या काळात निफाडच्या शेतकऱ्याचं म्हणणं त्या टेबलापर्यंत कोणी नेलं? हे प्रश्न ज्याला पडतात त्याला हा विषय कळायला लागला असं मी समजते. २०१९ च्या ऑक्टोबरात, आधीच्या एका निर्यातबंदीनंतर, बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत भर सभेत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, जेवणात कांदा घालू नकोस. सभागृह हसलं. पण त्या बोलण्यात तक्रार होती: आम्हाला आधी सांगायला हवं होतं. तो कांदा तुमच्या कांदाचाळीतून जातो. दिल्लीच्या मुलांना हे पुस्तकात वाचावं लागतं, तू ते घरात पाहिलंस.

आणि नाशिकचं या विद्येशी नातं आजचं नाही. बाळाजी विश्वनाथ १७१८-१९ मध्ये दिल्लीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकचे महादेवभट हिंगणे होते. तीर्थोपाध्यायाचं घराणं, आणि पुढे कित्येक वर्षं दिल्ली दरबारात मराठ्यांचे वकील. तेव्हा वकील म्हणजे आजचा राजदूत. चांदोरी तुझ्या तालुक्यातलं. त्या गावाला हिंगण्यांचं नाव अजून चिकटलेलं आहे. त्यांची पत्रं भारत इतिहास संशोधक मंडळाने 'हिंगणे दप्तर' म्हणून छापली आहेत. सुट्टीत ती काढून वाच. कोण कोणाला भेटलं, कोणाचे पैसे अडकलेत, कोणती बातमी पक्की आणि कोणती बाजारगप्प, सगळं साध्या भाषेत लिहिलेलं. आजचा दूतावास आपल्या सरकारला जे कळवतो त्याचा नमुना याहून फार वेगळा नाही.

आता माझी एक चूक सांगते. दिल्लीत शिकताना पहिल्याच सत्रात मी भारत-पाकिस्तानमधल्या सिंधू पाणीवाटप करारावर वीस पानांचा निबंध लिहिला. वास्तववाद, सत्तासंतुलन, राष्ट्रहित, सगळे जड शब्द पेरले. सरांनी तो परत दिला तेव्हा आत कुठेही खूण नव्हती. शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द: 'परिशिष्टं वाचलीत?' नव्हती वाचली. १९ सप्टेंबर १९६० चा तो करार बारा कलमांचा आहे आणि त्याला आठ परिशिष्टं आहेत. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे, एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. खरं भांडण आहे ते परिशिष्टात: पश्चिमेकडच्या नद्यांवर भारताने वीजप्रकल्प बांधला तर पाणी किती साठवायचं, सांडव्याचे दरवाजे कोणत्या पातळीला ठेवायचे. चिनाबवरच्या बगलिहार धरणाचा वाद असल्याच कलमांवर झाला आणि २००७ मध्ये तटस्थ तज्ज्ञाने निकाल दिला. मी पंधरा दिवस ग्रंथालयात बसून ती परिशिष्टं वाचली, धरणाची चित्रं वहीत काढली, आणि निबंध नव्याने आठ पानांत लिहिला. दिल्लीतल्या दोन वर्षांत याहून मोठं काही शिकल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा लावलेली ही सवय २०२५ च्या एप्रिलमध्येही उपयोगी पडली. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर २३ तारखेला सरकारने घोषणा केली आणि टीव्हीवर 'करार रद्द, करार रद्द' सुरू झालं. सरकारचा शब्द होता स्थगित. करारात स्थगितीचं कलम नाहीच. बाराव्या कलमात एवढंच आहे की दोन्ही सरकारं नवा करार करून तो संपवेपर्यंत तो चालू राहील. मग 'रद्द' न म्हणता 'स्थगित' का म्हटलं असेल? यावर एक पान लिहून बघ. तुला तर ते सोपं जाईल. जायकवाडीत पाणी कमी असलं की गंगापूर-दारणातून सोडायचं की नाही यावर आपल्याकडे दर दिवाळीच्या सुमाराला जी कुरबुर होते, ती ऐकत तू मोठी झालीस. वरचा 'आमचं पाणी' म्हणतो, खालचा 'आमचा हक्क' म्हणतो, आणि दोघांकडेही कागद असतो.

तर विद्यापीठांबद्दल. तीन नावं बघून गोंधळू नकोस. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे इतिहास, सिद्धांत, कायदा आणि अर्थकारण यांची मिसळ. राजनय किंवा डिप्लोमसी म्हणजे वाटाघाटी, मसुदे आणि शिष्टाचार यांचं काम. सुरक्षा अभ्यासात युद्ध, अण्वस्त्रं, सीमा, समुद्र, दहशतवाद. अभ्यासक्रमाचं नाव काहीही असलं तरी आत बरंच सारखंच असतं.

तुझ्या पाच माहितीपत्रकांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं होतं, ते सगळ्यात वर ठेव. तिथल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागाची सुरुवात १९५५ सालची, जेएनयूच्याही आधीची. फी आपल्याला झेपेल अशी आहे आणि एकेका प्रदेशासाठी स्वतंत्र केंद्रं आहेत: पश्चिम आशिया, पूर्व आशिया, रशिया आणि मध्य आशिया, आफ्रिका. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरच्या प्रवेश परीक्षेतून, म्हणजे थंडीतच अर्ज भरायचा. टीवायच्या परीक्षेनंतर बघू म्हणालीस तर वर्ष गेलं. दक्षिण आशियाई विद्यापीठही दिल्लीतच आहे. ते सार्क देशांचं मिळून आहे, त्यामुळे बांगलादेश-नेपाळच्या मुलांशेजारी बसून भारताबद्दल ऐकायला मिळतं, आणि ते ऐकणं फार गरजेचं आहे. कोलकात्याचं जादवपूर आणि पुदुच्चेरी विद्यापीठ यांचे विभागही विचारात घे.

पण तू पुण्याला दुय्यम समजतेस, ते मला पटलं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग हा तुझ्याच विद्यापीठाचा विभाग. सैन्यातले अधिकारीही तिथे शिकायला आणि शिकवायला येत आले आहेत. शिवाय फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी परकीय भाषा शिकता येते. दिल्लीचं जमलं नाही तर रडत बसायचं काहीच कारण नाही.

लाखो रुपये फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठांबद्दल माझं मत कडक आहे. काही ठिकाणी शिकवतात उत्तम, पण शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय वडिलांना कर्जात घालू नकोस. मी स्वतः एकदा एका संस्थेच्या वर्षभराच्या डिप्लोमाला पैसे भरले. माहितीपत्रकावर झेंडे आणि हस्तांदोलनाचे फोटो. वर्षभर आठवणी ऐकल्या, लिहिलेला एक कागदही कोणी तपासला नाही. तेव्हापासून मी माहितीपत्रकात आधी वाचनयादी शोधते. तिच्यात मूळ करार, भाषणं, संसदेतल्या चर्चा आहेत का, की फक्त पाठ्यपुस्तकं? लेखन किती करून घेतात आणि ते वाचतं कोण? हे एखाद्या शिकत असलेल्या मुलीला फोन करून विचार. मुली खरं सांगतात.

भाषेचं मात्र आजच ठरव. इंग्रजीची भीती दोन वर्षांत जाईल, माझी गेली. पण एक तिसरी भाषा, आणि तिच्याबरोबर एक प्रदेश, हे तुझं भांडवल. तुझ्या जागी मी असते तर बांगला घेतली असती. जपानी-फ्रेंचच्या मागे सगळे धावतात. शेजाऱ्याची भाषा शिकून त्याची वर्तमानपत्रं वाचणारी माणसं आपल्याकडे फार कमी. कांदा आणि द्राक्षं बांगलादेशात जातात, आणि तिथलं आयातशुल्क वाढलं की इथल्या बागेतला भाव पडतो. निदान निफाडच्या कोणीतरी ढाक्याचा पेपर वाचायला नको का?

आता वडिलांचा प्रश्न. नुसत्या एम.ए.वर नोकरी हातात पडत नाही, हे त्यांना स्पष्ट सांग. संशोधन संस्था आहेत, दिल्लीत १९६५ पासूनची संरक्षण अभ्यास संस्था आहे, मुंबई-पुण्यातही आहेत. पण तिथली सुरुवातीची कामं बहुतेक कंत्राटी, आणि पगार बेताचा. मी तिथे चार वर्षं काढली, डबा सांभाळून. शिकवायचं असेल तर नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आणि पुढे पीएच.डी. परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससी हाच रस्ता, आणि त्याला एम.ए. लागतच नाही, कोणतीही पदवी चालते. मुख्य परीक्षा मराठीतही लिहिता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ च्या तुकडीत परराष्ट्र सेवेत गेले आणि न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले. पण देशभरात या सेवेचे अधिकारी हजाराच्या आसपास, दरवर्षी घेतात मूठभर. ते मनात जरूर ठेव, फक्त त्याच एका खुंटीवर सगळं आयुष्य टांगू नकोस.

ज्याचा विचार कोणी करत नाही ते काम आपल्या दारात आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनचे हूथी बंडखोर जहाजांवर हल्ले करू लागले आणि न्हावाशेव्याहून युरोपला निघालेली द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. मणी नाजूक, कंटेनरमधले दिवस वाढले, भाडं वाढलं. तेव्हा निर्यातदारांना हे समजावून सांगणारं माणूस हवं होतं: हूथी कोण, हे किती महिने चालेल, विम्यात युद्धाचं कलम काय म्हणतं. बँकांना निर्बंध असलेल्या देशांचे व्यवहार तपासायला माणसं लागतात. वर्तमानपत्रांना लागतात. ओझरला विमानं बनतात, देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण आहे, देशाचे पासपोर्ट नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात. इतकं सगळं असलेल्या जिल्ह्यात या विषयावर मराठीत नीट लिहिणारं माणूस शोधावं लागतं, याची मला खंत आहे. तुझ्याकडे मी त्याच आशेने बघते.

वडिलांना सांग, तीन वर्षं धीर धरायची तयारी असेल तर पोट भरतं. पहिल्या वर्षी नाही.

परदेशाचं आत्ता डोक्यातून काढ. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कामाचा अनुभव लागतो, तो झाल्यावर बोलू. तुझ्या मैत्रिणीला मात्र राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती काढायला सांग, ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे आणि तिचे गुण चांगले आहेत.

सोबत त्या डिसेंबरच्या कांदा अधिसूचनेची प्रत ठेवली आहे. इंग्रजीत आहे. शब्द न गाळता मराठीत उतरव, मग जिथे अडलीस तिथे पेन्सिलीने खूण कर. येत्या रविवारी दहा वाजता ये. वडिलांनाही आण, बंदीच्या त्या आठवड्यात तुमचा कांदा कितीने गेला ते त्यांना तोंडपाठ असेल, आणि तो आकडा मला तुझ्या भाषांतराच्या समासात लिहिलेला हवा आहे.

तुझी,
मॅडम