मोपेनची अळी आपल्याकडे पाळता येईल का? कोसा उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तर

गेल्या पंधरवड्यात आरमोरी भागातल्या तीन-चार कोसा (टसर रेशमाचे कोष) उत्पादकांनी मला एकच व्हिडिओ दाखवला. आफ्रिकेतल्या बाया झाडावरून बोटाएवढ्या अळ्या तोडून बादल्या भरताहेत. विचारणा अशी: ही अळी टसरच्या अळ्या पाळायच्या आपल्या ऐनाच्या झाडांवर वाढेल का, हिचा कोसा मिळेल का, आणि धुऱ्यावरच्या आंब्याला हिच्यापासून धोका आहे का?

ही मोपेनची अळी; मोपेन हे ती ज्यावर वाढते ते तिकडचं झाड. शास्त्रीय नाव गोनिम्ब्रेशिया बेलिना. बोत्सवाना, झिम्बाब्वे, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तर भाग हा तिचा मुख्य मुलूख. तुमच्या टसरचा पतंग आणि हा पतंग एकाच कुळातले, म्हणून पंखावरचा डोळ्यासारखा ठिपका बघून तुम्हाला ओळखीचं वाटलं, ते बरोबरच आहे.

पण कोसा मिळणार नाही. टसरची अळी देठाला लटकणारा टणक कोष विणते. मोपेनची अळी पूर्ण वाढली की झाडावरून उतरते, जमिनीत शिरते आणि रेशीम न विणता मातीतच कोषावस्थेत जाते. तिथं धागाच नाही, तर काढणार काय?

तिची पैदास झाडाशी आणि पावसाशी बांधलेली आहे. मोपेनचं पान दोन पाकळ्यांचं, आपट्यासारखं दिसतं; दसऱ्याला सोनं म्हणून वाटलं तर पटकन फरक कळायचा नाही. पाऊस सुरू झाला की पतंग मातीतून बाहेर येतात. पतंग स्वतः काहीच खात नाही. तीन-चार दिवसांचं आयुष्य, तेवढ्यात मीलन आणि अंडी. मादी एकाच पुंजात साधारण 50 ते 200 अंडी घालते, ती दहाएक दिवसांत फुटतात. पहिल्या तीन अवस्थांत अळ्या घोळक्यानं राहतात, चौथ्या-पाचव्या अवस्थेत पांगतात. पिवळसर-हिरव्या पट्ट्यांची अंगावरची खवल्यांसारखी नक्षी आणि आखूड काळे काटे तेव्हा नीट दिसतात. बऱ्याच भागांत वर्षाला दोन पिढ्या होतात, डिसेंबरच्या आसपास एक आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास दुसरी. दुसऱ्या पिढीच्या अळ्या कोषावस्थेत सहा-सात महिने, कोरडा काळ सरेपर्यंत, मातीत पडून राहतात. कोरड्या पट्ट्यात एकच पिढी होते.

तिथले लोक ती खातात, आणि आवडीनं खातात. शोना भाषेत मदोरा, सेत्स्वानात फाने. अळी शेपटीकडून चिमटीत धरून पिळतात, आतडं आणि हिरवा चोथा बाहेर पडतो. मग मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. वाळलेल्या अळीत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात आणि ती महिनोन्महिने टिकते. बोत्सवानाच्या 5 पुलाच्या नाण्यावर हीच अळी आहे. गरिबाच्या घरातलं अन्न एखादा देश आपल्या नाण्यावर आणतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी ती शेतीत बसवणं सोपं गेलेलं नाही. जाळीखाली दाटीनं वाढवली की विषाणूजन्य रोग पसरतो आणि लॉटचा लॉट काळा पडून लटकतो. हे दृश्य तुम्हाला सांगायला नको. म्हणून आजही बहुतेक माल रानातूनच येतो. बाजारभाव चढले तसं काही भागांत रान पार ओरबाडून निघालं. अळीसाठी फांद्या, अगदी झाडंही तोडली गेली. ज्या रानात एकही अळी मातीत उतरू दिली नाही, तिथं पुढच्या पावसाला पतंग कुठून येणार? आपल्या रानटी टसरच्या बियाण्याचंही हेच आहे. जंगलातले सगळे कोष आणून विकू नका.

आता आंबा. आफ्रिकेत मोपेनखेरीज मारुलाच्या झाडावर आणि आंब्यावरही तिची नोंद आहे. नेमकं म्हणूनच ती इथं आणायची नाही. जिवंत कीटक परदेशातून आणायला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवानगी लागते; कुणी अंडी पार्सलनं देतो म्हणालं तर पैसे देऊ नका, आधी आम्हाला कळवा.

आपल्याकडे ती नाही. आंब्यावर घोळक्यानं बसलेली केसाळ अळी आणि नंतर सोनेरी, जाळीसारखे कोष दिसले, तर ती क्रिक्युला असण्याची शक्यता जास्त. तीही याच कुळातली. अळ्या लहान, एकत्र असतानाच ती पानं काढून नष्ट करा. हातमोजे घाला, केसांनी अंगाला खाज सुटते. आणि व्हिडिओ पाहून इथली कुठलीही रानअळी तोंडात घालू नका. मोपेनची अळी तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, आपल्याला इथली तशी ओळख नाही.

ज्यांच्या ऐनावर सध्या टसरचं दुसरं पीक आहे त्यांनी मेलेल्या, काळवंडलेल्या अळ्या रोज सकाळी उचलून चुना टाकून पुराव्यात. झाडाखाली तशाच सोडू नका.