अनोळखी किंवा तोंडओळखीच्या माणसावर किती विश्वास ठेवावा?

लातूरहून ऐरोलीला नोकरीसाठी आल्यावर आपण घणसोलीत इतर दोन नोकरदार मुलींसह भाड्याने राहता, कामावरून सुटायला अनेकदा रात्र होते आणि रिक्षावाला, दलाल, वॉचमन, शेजारी, सहकारी यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे समजत नाही, असे आपण लिहिले आहे. आई सांगते की कोणावरही विश्वास ठेवू नकोस. कार्यालयातील मंडळी म्हणतात की इतका संशय बरा नव्हे. घराची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवावी, असेही आपण शेवटी विचारले आहे. मी ठाण्यात बँकेत नोकरी केली आणि आता नेरुळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. भाडेकरू, दलाल, कामवाल्या मावशी आणि सभासद यांची गाऱ्हाणी ऐकण्यात माझा बराच वेळ जातो. माझे मत असे आहे की समोरचा माणूस मुळात चांगला की वाईट, याचा निवाडा करण्याच्या फंदात आपण पडूच नये. तो निवाडा कोणालाच नीट जमत नाही. त्याने काय मागितले, नकार मिळाल्यावर तो कसा वागला आणि आपला अंदाज चुकला तर किती बिघडेल, हे मात्र पाहता येते.

“मला माणूस बघताक्षणी कळतो” असे सांगणारे लोक आपल्याला बरेच भेटतील. खोटे बोलणारा माणूस ओळखण्यासंबंधी झालेले अनेक प्रयोग चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी एकत्र तपासले आणि 2006 साली निष्कर्ष मांडला. सुमारे 24,000 लोकांनी दिलेल्या निर्णयांपैकी सरासरी 54 टक्के बरोबर ठरले होते, आणि डोळे मिटून अंदाज केला असता तरी 50 टक्के बरोबर आलेच असते. त्याच वर्षी जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी दाखवून दिले की एखादा चेहरा विश्वासार्ह आहे की नाही, हे आपण सेकंदाच्या दहाव्या भागात ठरवून टाकतो. अधिक वेळ दिला तर मत फारसे बदलत नाही, त्या मताविषयीची खात्री तेवढी वाढते. बँकेत कर्जाच्या अर्जावर आम्ही अर्जदाराचा चेहरा पाहून सही करीत नव्हतो. तारण काय आहे, जामीनदार कोण आहे आणि हप्ता थकला तर वसुली कशी होईल, हे पाहत होतो. व्यक्तिगत सुरक्षिततेचा विचारही याच शिस्तीने करता येतो.

सर्वप्रथम पाहावे ते हे की संपर्काची सुरुवात कोणी केली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वृद्ध स्त्रियांना फसवण्याची एक जुनी पद्धत आहे. साध्या वेशातील दोघे जवळ येतात, आपण पोलीस असल्याचे सांगतात, “पुढे खून झाला आहे, एवढे सोने घालून फिरू नका” असे बजावतात आणि बांगड्या, मंगळसूत्र कागदात गुंडाळून देण्याची ‘मदत’ करतात. घरी येऊन पुडी उघडावी तर आत खडे असतात. दुसऱ्या प्रकारात कुठल्यातरी शेठला मुलगा झालेला असतो, तो गरिबांना साड्या वाटत असतो आणि साडी हवी असेल तर दागिने काढून गरीब दिसावे लागते. हे भामटे दिसायला भयंकर असते तर त्यांचा धंदा एक दिवसही चालला नसता. ते अदबीने बोलतात, आजी म्हणून हाक मारतात. त्या स्त्रीने त्यांना निवडलेले नसते, त्यांनी तिला निवडलेले असते, आणि नेमके हेच आधी तपासता येते.

याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. रस्त्यावरील बहुसंख्य माणसांच्या मनात आपले काही वाईट करण्याचा विचारही नसतो. त्यामुळे अडचणीच्या वेळी आपण स्वतः नजर फिरवून मदतीसाठी माणूस निवडला, तर तो बरा निघण्याची शक्यता पुष्कळ असते. आपली अडचण हेरून जो स्वतः पुढे येतो त्याच्याविषयी तेवढी खात्री देता येत नाही. तोही बहुधा सज्जनच असतो, पण वाईट हेतूचा माणूस त्याच गटात सापडतो. म्हणून रात्री घणसोली स्थानकाबाहेर कोणी मागे येत असल्याचे वाटले, तर “काय झाले ताई, सोडू का?” असे विचारणाऱ्याबरोबर जाण्यापेक्षा उघड्या औषधाच्या दुकानात शिरावे आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला स्पष्ट सांगावे की दहा मिनिटे येथे थांबते, मैत्रिणीला फोन लावते. तो माणूस दुकान सोडून कोठे जाणार नसतो आणि उद्याही तेथेच सापडणार असतो.

आपली कोठेतरी नोंद राहणे आणि ती नोंद समोरच्याला ठाऊक असणे, याला मी फार महत्त्व देते. अ‍ॅपवरून मागवलेल्या गाडीचा क्रमांक पाटीशी जुळवून पाहणे आणि प्रवासाचा दुवा घरी पाठवणे हे आपण करीत असालच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चालकाने “मॅडम, ट्रिप कॅन्सल करा, तेवढ्याच पैशांत सोडतो” असे म्हटले तर उतरून जावे. बहुतेक वेळा त्याला कंपनीचे कमिशन वाचवायचे असते, यापलीकडे काही नसते. पण त्या एका कृतीने आपण त्या गाडीत होतो याची नोंदच अर्ध्यावर तुटते. साध्या रिक्षात बसताना एमएच 43 पुढील क्रमांक फोनवर मैत्रिणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावा. चालकाला ते ऐकू गेले तर उत्तमच. चांगल्या चालकाला त्याचा राग येत नाही, त्याच्याही घरी मुली असतात. लोकलमध्ये रात्री महिलांच्या ज्या डब्यात पोलीस असतो तो डबा धरावा, आणि काही घडल्यास रेल्वेचा 139 हा क्रमांक लावावा.

आता नकाराविषयी. माझ्या मते माणसाची पारख करण्याचे हेच एक साधन बऱ्यापैकी भरवशाचे आहे. लहानसा, बिनमहत्त्वाचा नकार लवकर द्यावा आणि पुढे काय होते ते पाहावे. दलाल म्हणतो की खोली रात्री नऊलाच दाखवता येईल. आपण म्हणावे की शनिवारी सकाळी मैत्रिणीसह येते. सहकारी म्हणतो की गाडीने घरापर्यंत सोडतो. आपण म्हणावे की आज नको, स्थानकापर्यंत चालत जाईन. ज्याच्या मनात काही नाही तो “बरं” म्हणतो आणि विषय बदलतो. दुसरा माणूस कारणे विचारतो, रुसतो, चेष्टा करतो, “माझ्यावर विश्वास नाही का?” असे म्हणून आपल्यालाच अपराधी ठरवतो आणि दहा मिनिटांनी तोच आग्रह नव्या शब्दांत पुढे आणतो. लिफ्ट नाकारणे ही क्षुल्लक बाब आहे. ती ज्याला पचत नाही त्याच्यासमोर मोठा नकार देण्याची वेळ बंद खोलीत येऊ नये, याची काळजी आपण आधीच घेतलेली बरी.

घाई करणाऱ्यालाही याच मापाने मोजावे. आज रात्री वीज कापली जाईल असा संदेश येतो किंवा मीटर तपासायला आलेला माणूस दाराशी लगबग करतो. वीज कायदा, 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला 15 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, त्यामुळे ‘आज रात्री’ ही भाषा मुळातच खोटी असते. दारावरच्या माणसाला जाळीच्या दाराबाहेर उभे करून ओळखपत्र पाहावे आणि वॉचमनकडे चौकशी करावी. खरा कर्मचारी थांबतो. दिवसभर दारोदारी थांबणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो.

इथवर बहुतांशी अनोळखी माणसांविषयी झाले, परंतु आपल्या प्रश्नातील अवघड भाग ओळखीच्या माणसांचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, सहकारी, मालक. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या बालकांवरील अत्याचारांच्या अभ्यासातही सुमारे निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे किंवा त्याच्या विश्वासातले आढळले होते. या आकड्यांवरून ओळखीचे लोक अधिक दुष्ट असतात असा अर्थ मात्र काढू नये. आपण त्यांच्यासोबत अधिक वेळ घालवतो, बंद दाराआड बसतो आणि त्यांच्याबाबतीत तपासणी थांबवतो. संधी तेथे अधिक असते. आईचा सल्ला अनोळखी माणसापुरता ठीक आहे, पण “अमुक आपल्या गावाकडचा आहे” किंवा “तमक्याला मी दोन वर्षे पाहते” या कारणाने जी सूट आपण देऊन टाकतो तिचे काय, याचे उत्तर त्या सल्ल्यात मिळत नाही. दोन वर्षे कॅन्टीनमध्ये चांगला वागलेला माणूस कॅन्टीनमध्ये चांगला वागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. ओळख एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना, म्हणजे कॅन्टीनमधून गाडीत किंवा गाडीतून घरात, ती नव्याने तपासावी.

कार्यालयाच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे आणि त्याची माहिती असलेली बरी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येते, आणि मग सुरक्षिततेची तसेच घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणजे उशीर झाला असता सहकाऱ्याच्या उपकाराची गरजच पडू नये. कंपनीची गाडी लेखी मागावी. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली कंपनीने पुरवलेले वाहनही कामाचे ठिकाण मानले जाते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते.

घराविषयी थोडेसे. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. तो टाळू पाहणारा मालक कर वाचवत असेल, पण त्याला आपल्या राहण्याची नोंद नको असते हेही तितकेच खरे. संस्थेतील घर असेल तर मालकाचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) पाहावे. घणसोली गावठाणातील अनेक इमारतींत संस्थाच नसते, तेथे महापालिकेच्या मालमत्ता कराचे देयक आणि वीजबिल कोणाच्या नावाचे आहे ते पाहावे. आत राहायला गेल्यावर कुलूप स्वखर्चाने बदलावे आणि मालक न सांगता येत असेल तर त्याला लेखी संदेशाने कळवावे की आदल्या दिवशी सांगून यावे.

सचिव म्हणून मला खटकणारी एक गोष्ट येथे नोंदवते. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या स्त्रियांची, वॉचमनची आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांची ओळखपत्रे, छायाचित्रे, पोलीस पडताळणी सगळे मागितले जाते, आणि काही हरवले की पहिला संशय परप्रांतीय मुलावर जातो. एखाद्या सभासदाकडे येऊन राहणारा पुतण्या कोण आहे, हे मात्र कोणीही विचारत नाही. भाषा, आडनाव, कपडे आणि हुद्दा यांवरून धोका ओळखण्याची ही सवय अन्यायकारक तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण तिच्यामुळे आपले लक्ष चुकीच्या दाराकडे लागून राहते. पोलीस पडताळणीतूनही आधी नोंद झालेला गुन्हा असेल तरच तो कळतो.

आपल्या मनाला जे वाटते त्याचे काय, असे आपण विचाराल. मी त्याला एकाच दिशेने मान देते. कारण सांगता येत नसले तरी अस्वस्थ वाटू लागले तर उठून निघावे. कोणाचा अपमान झाला तर उद्या क्षमा मागता येते. पण “मला याच्याबरोबर सुरक्षित वाटते” ही भावना कोणासोबत एकटे थांबण्यास पुरेसे कारण मानू नये, कारण तशी भावना निर्माण करणे हेच फसवणाऱ्याचे कसब असते. सहकारी याला संशयीपणा म्हणतील. ज्याला आपण सभ्यपणे नकार देतो त्याचे त्यात काहीच जात नाही, हे त्यांना सांगता येईल.

प्रसंग आलाच तर 112 लावावा. हद्दीच्या कारणावरून पोलीस ठाण्याने परत पाठवू पाहिले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते.

राहिली किल्ली. वॉचमनकडे ठेवू नये. तो वाईट आहे म्हणून नव्हे, तर पाळी बदलली की किल्ली पुढच्याच्या हाती जाते आणि काही झाले तर बिचारा तोच अडकतो. मालकाकडे ठेवू नये. शेजारच्या काकूंकडे ठेवायची असेल तर त्यांच्या घरात आणखी कोण राहते, हे आधी पाहावे. मला विचाराल तर ती आपल्या तिघींपैकी एकीच्या कार्यालयातील कुलूपबंद खणात ठेवावी, आणि तिच्यावर घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी बांधू नये.